धोटा आणि जात : सोलापूरच्या गिरणीजीवनाच्या निमित्ताने

१

महाविद्यालयात दलित साहित्याची अभ्यासपत्रिका शिकविताना मी बरीच वर्षे एक सोय करून घेतली होती. फळ्यावर मधोमध एक रेघ मारावयाची. डावीकडे 'कामगार साहित्य' आणि उजवीकडे 'दलित साहित्य' असे दोन रकाने करावयाचे. डावीकडे नारायण सुर्वे, उजवीकडे बाबूराव बागूल, दया पवार, नामदेव ढसाळ. एकाची जाणीव वर्गाची, दुसऱ्याची जातीची. एकाचा शत्रू भांडवल, दुसऱ्याचा वर्णव्यवस्था. परीक्षेच्या दृष्टीने ही मांडणी फार सोयीची आहे. विद्यार्थी ती तशीच उतरवून घेतात आणि गुणही मिळवितात.

एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थी टेबलाजवळ येऊन उभा राहिला. तो सोलापूरच्या सेटलमेंट भागात राहणारा. म्हणाला, "सर, माझी पणजी तारेच्या आत राहायची आणि गिरणीत कामाला जायची. तिला कुठल्या रकान्यात घालायचं?"

मला उत्तर देता आले नाही. 'बघू, विचार करू' असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून ती रेघ मला सुखाने मारता आलेली नाही. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाचा दिवस उगवला आणि मावळला त्या गावात राहून, त्याच भोंग्यावर चूल पेटलेल्या घरात वाढून, मी ही रेघ इतकी वर्षे कशी काय मारीत आलो? हा प्रश्न माझ्या एकट्याच्या अध्यापनाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मराठी समीक्षेनेच तो रकाना आखून दिलेला आहे आणि आपण दलित समीक्षकांनीही तो फारशी तक्रार न करता स्वीकारलेला आहे. म्हणून त्याची उलटतपासणी येथे करावयाची आहे.

२

सोलापूरचा औद्योगिक इतिहास थोडक्यात आठवावा लागेल. १८६० साली सोलापूरला रेल्वे आली. कापसाच्या पेठेला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे गाव 'जुनी मिल' म्हणू लागले. सालाकडे नीट पाहावे. १८७६ ते १८७८ हा दक्षिणेतील भीषण दुष्काळाचा काळ. म्हणजे चिमणीतून पहिला धूर निघाला तेव्हा आजूबाजूच्या तालुक्यांत माणसे अन्नाविना मरत होती. अशा वेळी गिरणीला मजूर मिळविण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांपर्यंत उभ्या राहिल्या आणि सोलापूर हे मुंबईबाहेरचे, मराठी मुलखातले मोठे गिरणगाव झाले.

या गिरण्यांत कोण आले? तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. कर्नाटकच्या सीमेवरचे लिंगायत आणि इतर कानडी बोलणारे शेतकरी. माण, सांगोला, करमाळा या कोरड्या टापूतले मराठे आणि धनगर. विणकामाची परंपरा असलेले मुसलमान. आणि गावकुसाबाहेरून निघालेले महार, मांग, चांभार, ढोर.

यांतल्या शेवटच्या गटासाठी गिरणी म्हणजे काय होते हे प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गिरणी ही मुक्तीही होती. गावात काम केल्यावर मिळे ते बलुते. ते देणाऱ्याच्या मर्जीवर, खळ्यावर, आणि तेही वाकून घ्यावे लागे. गिरणीत महिना भरला की खिडकीतून रोख पगार मिळे. पगाराच्या कागदावर जातीचे नाव नसे, तिकिटाचा नंबर असे. तो नंबर म्हणजे आमच्या लोकांना इतिहासात प्रथमच मिळालेले जातविरहित नाव होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आंबेडकरी चळवळीला शहरांतून जो वर्गणीदार, सभेला येणारा, वर्तमानपत्र वाचून घेणारा माणूस मिळाला, तो मोठ्या प्रमाणावर या रोख पगारातून उभा राहिलेला होता. गिरण्या, रेल्वे, गोदी, लष्कर ही आमच्या समाजाची पहिली विद्यापीठे होत. त्यांच्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही.

परंतु तिकिटाचा नंबर दारापर्यंतच होता. दाराच्या आत खाती होती.

३

माझे आजोबा सोलापूरच्या एका गिरणीत तीस-पस्तीस वर्षे होते. कापूस पिंजून त्याचे पेळू करणाऱ्या कार्डिंग खात्यात. मी लहानपणी त्यांना विचारीत असे, 'तुम्ही कापड विणत होता का?' कारण गिरणी म्हणजे कापड, एवढेच मला ठाऊक. ते हसत आणि विषय बदलत. मी बी.ए.ला असताना एकदा त्यांनी सरळ सांगितले. "साच्याकडं आमाला जाऊच देत नव्हते बघ, लेकरा. कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातनं तोंडानं वढून घ्यावा लागायचा. आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्या पाळीवाला तोंडात कसा धरंल?"

हे यंत्राचे तपशील समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपली समीक्षा या तपशिलांपाशी कधी थांबत नाही. साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. मग नवी कांडी घालून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागते. जुन्या पद्धतीच्या धोट्यात हे काम विणकर छिद्राला ओठ लावून, श्वास आत ओढून करीत असे. पाळीभर, पुन्हा पुन्हा. कापडाचा रंग, खळ आणि तंतू त्याच्या छातीत जात, तो भाग वेगळाच. एकाच धोट्याला एका पाळीत एकाचे आणि दुसऱ्या पाळीत दुसऱ्याचे तोंड लागे. मँचेस्टरहून आलेले यंत्र जातपात जाणत नव्हते. पण ते चालविण्यासाठी तोंड लागत होते, आणि तोंडाला जात होती.

मुंबईच्या गिरण्यांत याच कारणाने अस्पृश्य कामगारांना विणाईच्या, म्हणजे साळखात्यात घेत नसत. विणाईत कताईपेक्षा मजुरी जास्त होती. म्हणजे विटाळाचा प्रश्न हा दर महिन्याच्या पगाराचा प्रश्न होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली व्हावीत ही मागणी तुमच्या मागण्यांत का नाही, असा तो सवाल होता. जे खाते मालकाने नव्हे तर शेजारच्या कामगाराने बंद केलेले आहे, त्यासाठी मालकाविरुद्धच्या संपात काय जागा आहे, असा त्याचा अर्थ. पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. आजही कित्येकांना तो अडचणीचा वाटतो. 'ऐक्य फोडणारा' हे विशेषण आपल्याकडे फार जुने आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या खात्यांत आमची माणसे राहिली, तीच खाती सर्वांत जास्त धुळीची. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या ठिकाणी कच्च्या कापसाची धूळ सर्वाधिक असते. तिच्यामुळे फुप्फुसाचा जो विकार होतो त्याचे एक लक्षण वैद्यकशास्त्राने नोंदविलेले आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते. आमच्या घरात 'सुटीच्या दुसऱ्या दिवशी आजोबांशी बोलायचं नाही' असा आजीने घालून दिलेला नियम होता. ते चिडलेले असतात, असे तिचे स्पष्टीकरण असे. त्यांना श्वास पुरत नसे, हे मला फार उशिरा, एका पुस्तकात तो विकार वाचताना कळले. विटाळाने ठरविलेले खाते असे फुप्फुसापर्यंत पोहोचते. 'सामाजिक' आणि 'आर्थिक' असे दोन रकाने करणाऱ्यांनी ही छाती कोणत्या रकान्यात टाकावयाची ते सांगावे.

४

आता त्या विद्यार्थ्याच्या पणजीकडे वळतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. १९२४ साली तो पुन्हा नव्याने बांधण्यात आला. सोलापूरची सेटलमेंट या वसाहतींपैकी एक महत्त्वाची. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जमातींची माणसे कुटुंबांसह तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची. परवान्याशिवाय बाहेर जावयाचे नाही. मूल जन्माला आले की तेही गुन्हेगार. आणि या माणसांना 'सुधारण्याचा' उपाय कोणता? गिरणीतले काम. सेटलमेंटच्या बाबतीत सोलापूर निवडले गेले, त्यात या गावात गिरण्या होत्या याचा मोठा वाटा होता. सरकारला सुधारणा पाहिजे होती आणि गिरणीला पळून न जाणारा मजूर पाहिजे होता. दोघांची गरज एका तारेत भागली. ज्यांची वर्तणूक 'चांगली' ठरे त्यांना कुंपणाबाहेरच्या वस्तीत घर मिळे. तिचे नाव 'फ्री कॉलनी'. हे नाव आजही सोलापूरच्या पत्त्यांवर लिहिले जाते. स्वतंत्र देशाच्या शहरात एका वस्तीला 'मोकळी' असे नाव असावे, यातच बाकीच्या वस्त्यांचा इतिहास आहे.

या वसाहतींचा कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी स्टार्ट. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच, आणि डॉ. आंबेडकर तिचे एक सभासद. १९३० साली तिचा अहवाल आला. ज्या वर्षी बाबासाहेब मुंबईच्या संपात साळखात्याच्या दाराविषयी बोलत होते, त्याच वर्षी ते या समितीवर होते. सरकारच्या फायलीत अस्पृश्य, आदिवासी आणि तारेतली माणसे एकाच टेबलावर आलेली होती. आमच्या समीक्षेच्या टेबलावर ती अजून यावयाची आहेत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. माणसे 'विमुक्त' झाली. पण तोवर दोन-तीन पिढ्या गिरणीत घालून झाल्या होत्या. या पिढ्यांना आपण काय म्हणावयाचे? ते कामगार होते, कारण यंत्रावर आठ-दहा तास उभे राहत. ते कैदी होते, कारण पाळी संपल्यावर हजेरीला परतत. मार्क्सने ज्या मजुराची कल्पना केली तो निदान आपली श्रमशक्ती विकावयास मोकळा होता. येथे ती मोकळीकही नव्हती. भांडवलशाहीने जुने जातीचे बंध तोडून 'मुक्त मजूर' निर्माण केला, हे सूत्र पाठ करून आलेल्या आमच्या प्राध्यापक मित्रांना मी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये एक फेरी मारण्याची विनंती करीन. येथे भांडवलाने जात मोडली नाही, जातीला कुंपण घालून ती कामाला लावली.

मराठी साहित्यात या अनुभवाच्या जवळ जाणारे पुस्तक कोणते, असे विचाराल तर लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) मला प्रथम आठवते. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले. पण काय लिहिले गेले? चोरी, पोलिसांचा छळ, भूक, जातपंचायत. हे सर्व त्यात आहेच. परंतु त्याच पुस्तकात लातूरच्या सूतगिरणीतील नोकरी आहे, कामगार संघटना आहे, आणि चोर म्हणून शिक्का बसलेल्या माणसाने पाळीवर जाणारा माणूस होण्याची धडपड आहे. या भागाकडे समीक्षकांनी जवळजवळ पाठ फिरविली. कारण 'उचल्या' ज्या रकान्यात ठेवले गेले त्या रकान्यात सूतगिरणी बसत नव्हती. वाचकाला भटक्या जमातीचे अद्भुत पाहिजे होते, तिच्या हजेरीकार्डात त्याला रस नव्हता. आपल्या माणसाने सोसलेले दुःख त्याला पाहिजे, आपल्या माणसाने केलेले काम नको.

५

येथे समीक्षेचा मूळ प्रश्न येतो.

मामा वरेरकरांनी १९३३ साली गिरणगावावर कादंबरी लिहिली आणि तिचे नाव ठेवले 'धावता धोटा'. मराठी कादंबरीत गिरणी कामगाराला जागा देणाऱ्या आरंभीच्या कृतींपैकी ती एक आहे. तिचे ते श्रेय मान्यच. तिच्या गुणदोषांची चर्चा मला येथे करावयाची नाही, मी फक्त शीर्षकापाशी थांबतो. मराठी मनाने गिरणी कामगाराचे प्रतीक म्हणून धोटा निवडला. आणि माझ्या आजोबांना ज्या वस्तूला शिवू दिले नाही ती वस्तू धोटा. म्हणजे ज्या क्षणी 'कामगार' ही प्रतिमा मराठीत तयार झाली, त्या क्षणीच आमचा कामगार प्रतिमेच्या बाहेर राहिला. तो कापूस फोडीत होता, झाडलोट करीत होता, गासड्या उचलीत होता. धावता धोटा त्याने दुरून पाहिला. कुणा एका लेखकाला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. प्रतिमा तयार होते ती ज्या खात्यावर उजेड पडलेला असतो त्या खात्यातून.

उलट बाजूने बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा पाहा. ती आपण सर्वांनी शिकविली आहे. पण ती उधन्याच्या रेल्वेतील कामगारांची कथा आहे, हे आपण किती वेळा ठासून सांगितले? तिच्यातला नायक जात लपवून नोकरीवर रुजू होतो. त्याच्याभोवती जे आहेत तेही मजूरच आहेत. त्यांच्यात मालक कोणी नाही. जात उघडी पडताच त्याला मारणारे हात हे कामगारांचेच हात. आणि त्याच ठिकाणी काशीनाथ आहे. तो जात लपवीत नाही आणि त्याची किंमत रोज मोजतो. ही कथा जितकी दलित कथा आहे तितकीच ती मराठीतील श्रेष्ठ कामगारकथा आहे. तिला कामगार साहित्यात जागा का नाही? कारण ती कामगार ऐक्याला सोयीची नाही.

सोलापूर जिल्ह्यानेही मराठीला एक मोठा आवाज दिला. शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे, तेथील गिरणीत काम केलेले. १९४० च्या दशकात लाल बावटा कलापथकात ते अण्णा भाऊ साठे यांच्यासोबत उभे राहिले. एक मुसलमान गिरणी कामगार आणि एक मांग समाजातला, मुंबईत पडेल ते काम केलेला माणूस एका फळीवर डफ घेऊन उभे होते. माझ्या मते रकाने मोडणारी मराठीतील ही पहिली घटना. पण प्रस्थापित समीक्षेने शाहिरीला 'प्रचार' म्हणून बाजूला सारले, आणि नंतर आम्ही अण्णा भाऊंना एका रकान्यात, अमर शेखांना दुसऱ्या रकान्यात नेऊन ठेवले. फळी एकच होती, ती आम्ही मधोमध कापली.

साहित्याबाहेरचेही एक वाङ्मय पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, पुढे त्याचा कायदा झाला. चिरंजीत लाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर १९५० मध्ये निकाल लागला. हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. मालमत्तेचा हक्क, समानतेचा हक्क, कंपनी आणि भागधारक यांचे नाते, सर्वांची चर्चा त्यात आहे. हजारो कामगार मात्र त्या कायद्याच्या प्रस्तावनेत येतात ते समाजाच्या एका विशिष्ट घटकात पसरलेली बेकारी म्हणून. विशिष्ट म्हणजे कोणत्या? कोणत्या खात्यातले, कोणत्या वस्तीतले, बंद गिरणीतून परत गावकुसाबाहेर गेलेले किती? तो 'विशिष्ट घटक' शब्दांत भरणे हे साहित्याचे काम होते. ते सोलापुरात फार थोडे झाले.

का झाले नाही? एक कारण भाषेचे आहे. मुंबईचा गिरणगाव मुख्यतः मराठी बोलत होता. सोलापूरचा कामगार तेलुगू, कानडी, उर्दू आणि मराठी अशा चार भाषांत रडत आणि भांडत होता. मराठी साहित्याच्या इतिहासकाराला त्यातले एकच कानावर पडले. दुसरे कारण असे की या शहराची अधिकृत स्मृती १९३० च्या मार्शल लॉभोवती बांधली गेली. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे हौतात्म्य शहराने जपले ते योग्यच. पण त्या मे महिन्यात रस्त्यावर आलेले गिरणी कामगार या स्मृतीत फक्त 'जनता' होऊन उरले. जनतेला खाते नसते, पाळी नसते, जात नसते.

तिसरे कारण आमचे आहे, आणि ते सांगणे मला सर्वांत कठीण जाते.

६

महाविद्यालयात मुलाखतीला गेलो तेव्हा कौटुंबिक पार्श्वभूमी विचारली गेली. मी म्हणालो, "आम्ही गिरणी कामगार." समितीतील एक सदस्य कौतुकाने म्हणाले, "वा, कष्टकऱ्यांची मुलं पुढं आली पाहिजेत." मला बरे वाटले. बाहेर आल्यावर मला माझ्याच बरे वाटण्याची लाज वाटली. आडनावावरून, राखीव जागेवरून सर्वांना सर्व ठाऊक होते. तरी मी तो शब्द पुढे केला होता. 'कामगार' म्हटले की मान ताठ होते, डोळ्यांसमोर वळलेली मूठ येते, लाल झेंडा येतो. खाते विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. भाड्याची खोली पाहताना, सहलीला, चर्चासत्रातल्या जेवणाच्या टेबलावर मी हा शब्द असाच वापरला आहे. बागुलांच्या नायकाने नोकरीसाठी जात चोरली. मी सुशिक्षित असल्यामुळे ती एका पुरोगामी शब्दाखाली चोरली.

फळ्यावरची ती रेघ मला इतकी सोयीची का वाटत होती, याचे उत्तर येथे आहे. दलित साहित्य मी 'शिकवीत' होतो, ते उजव्या रकान्यात होते. माझे घर मी डाव्या रकान्यात ठेवले होते.

माझ्या वडिलांना आजोबांच्या गिरणीत बदली म्हणून लागता आले. रोज दारावर जावयाचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर परत. तोवर तोंडाने दोरा ओढण्याची पद्धत मागे पडली होती आणि खात्यांची दारेही सैल झाली होती. साच्यावर काम मिळण्याची वेळ आली तेव्हा गिरणीच राहिली नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. वडील यंत्रमागावर काम शोधावयास पूर्व भागात फिरले. तेथे काम ओळखीवर मिळे, ओळख नात्यावर, आणि नाते म्हणजे दुसरे काय? शेवटी ते हमाल झाले. ज्यांच्या हाती पिढीजात माग होता त्यांनाही सुख लागले असे नव्हे. पद्मशाली घरांतल्या बाया विड्या वळून घर चालवीत होत्या आणि आजही वळतात. त्या वळणाऱ्या बोटांवरही मराठीत किती लिहिले गेले आहे? दुःखाची चढाओढ मला लावावयाची नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की बंद गिरणीच्या दारातून बाहेर पडलेले सर्व जण एकाच रस्त्यावर आले नाहीत. जातीने आधीच आखलेल्या वेगवेगळ्या गल्ल्यांत ते शिरले.

७

या लेखावर दोन बाजूंनी आक्षेप येईल याची मला कल्पना आहे. डाव्या चळवळीतले मित्र म्हणतील, खात्याखात्यांतली जात उकरून तुम्ही वर्गीय ऐक्य दुबळे करता. आमच्यातलेच काही म्हणतील, कामगारांची भाषा ही त्यांची भाषा, आपला लढा सांस्कृतिक आहे, त्यात गिरणी कशाला? दोघांनाही उत्तर बाबासाहेबांच्या १९३८ या एका वर्षात आहे. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एका श्वासात सांगितले. नोव्हेंबरच्या ७ तारखेला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. दहा वर्षांपूर्वी साळखात्याचा प्रश्न विचारणारा माणूसच हा संप करीत होता. प्रश्न विचारल्याने ऐक्य मोडत नाही. न विचारता केलेले ऐक्य मात्र धोट्यापाशी येऊन मोडते.

म्हणून समीक्षेपुढे मी एक साधी कसोटी ठेवतो. कामगाराविषयीची कोणतीही कृती हाती आली की विचारावे : याचे खाते कोणते? ते त्याला कोणी दिले आणि कोणते दार बंद ठेवले? तो पाणी कोठे पितो? आणि दलित लेखकाची कृती हाती आली की विचारावे : या घरात पैसा कोठून येतो? कोण कोणत्या पाळीला जातो, कोणाचा हात कोणत्या यंत्रात गेला? आमच्या आत्मकथनांत गावाची विहीर आहे, शाळेची पायरी आहे, वसतिगृह आहे. यंत्र मात्र एखाद्या वाक्यात येते आणि जाते. 'वडील गिरणीत होते' एवढे लिहून आम्ही पुढच्या परिच्छेदाला शाळेत जातो. शाळेची फी ज्या छातीतून आली ती छाती मागेच राहते.

त्या विद्यार्थ्याला मी अखेर उत्तर दिले. त्याच्या पणजीसाठी रकाना नाही, आणि चूक रकान्यांची आहे, असे सांगितले. मग त्याला म्हणालो, घरात अजून कोण आहे? म्हणाला, आजी आहे. तिला सारे पाठ आहे, पण ती कैकाडीत सांगते. मी म्हटले, तशीच लिहून घे. मराठी नंतर पाहू.

सोलापूरच्या, बार्शीच्या, आणि जेथे जेथे भोंगा वाजत होता त्या सर्व गावांतल्या वाचकांना माझे तेच सांगणे आहे. साच्यावर, रिंगवर, कार्डिंगमध्ये उभी राहिलेली शेवटची माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना खाते विचारा. माझ्या आजोबांना मी ते वीस वर्षांचा झाल्यावर विचारले, आणि पुढचे प्रश्न सुचले तेव्हा ते राहिले नव्हते.